नेमाचे वर्तुळ

गेल्या महिन्यात एका रात्री आम्ही रागाच्या भरात घरच्या संगणकाचा प्लग ओढला. दहावीतले चिरंजीव बारा वाजले तरी विमानांच्या लढाईच्या खेळापुढे! पोरगा रडकुंडीला आला. तो खेळत नव्हता, आठ दिवस नेमाची काच आखत होता. ती आखणी आमच्या हाताने पुसली गेली.

वाचकहो, लढाऊ विमानात वैमानिकासमोर तिरकी काच असते. खालच्या दिव्याने तिच्यावर वर्तुळ व ठिपका उमटतो. तो दूर आकाशात असल्यासारखा दिसतो, म्हणून डोके जरा हलले तरी नेम ढळत नाही. ही युक्ती आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली काढली. २००१ साली आलेल्या 'इल-२ स्टुर्मोविक' या रशियन खेळात ही काच चित्ररूपाने आहे. हौशी मंडळी ते चित्र बदलून आपल्या रेघा घालतात.

युद्धाचा खेळ आम्हाला आजही रुचत नाही. पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसलो. जर्मन 'रेव्ही' काचेतले वर्तुळ शंभर मीटरवर दहा मीटर रुंदी व्यापते, दोनशेवर वीस. ब्रिटिश स्पिटफायरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११.२ मीटर. ते वर्तुळात नेमके बसले तर विमान ११२ मीटरवर, निम्मेच वर्तुळ भरले तर २२४ वर. अहो, हे तर आमचे जुने त्रैराशिक!

चिरंजीवांनी वर्तुळ अंदाजाने काढले होते. खेळातल्या धावपट्टीवर ११२ मीटरवर स्पिटफायर उभे करून पाहिले, तर पंख दोन्हीकडून अपुरे. म्हणजे वर्तुळ मोठे, आणि जवळचे विमान लांबचे वाटणार. लहान करत करत तिसऱ्या खेपेला टोके रेघेला टेकली.

आडव्या जाणाऱ्या विमानाचा हिशेब निराळा. ताशी ३६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १०० मीटर. गोळी सेकंदाला ८०० मीटर धरली, तर २०० मीटर जायला पाव सेकंद. तेवढ्यात विमान २५ मीटर पुढे! वर्तुळाची त्रिज्या तिथे दहाच मीटर, म्हणून बाहेर अडीचपट त्रिज्येचे दुसरे वर्तुळ हवे. पण ते काचेच्या कडेला कापले जाते. चिरंजीव म्हणतात, मावेल तेवढाच कंस ठेवू. आम्ही म्हणतो, आडव्या रेघेवर दोन ठिपके पुरे. हा वाद अजून मिटलेला नाही.