शेवटच्या सेवेचं शिक्षण

२०२३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, पेनरोझ गावी अंत्यसंस्कार करणाऱ्या एका कंपनीच्या इमारतीत सुमारे १९० मृतदेह कुजलेले सापडले. काही कुटुंबांना अस्थी म्हणून सिमेंटची पूड देण्यात आली होती. हा व्यवसाय करणाऱ्यांना तिथे परवानाच लागत नव्हता! २०२४च्या कायद्याने नवोदितांसाठी शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा आणि उमेदवारी सक्तीची केली. यातली उमेदवारी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. मृतदेहाची ओळखपट्टी ताडून पाहणं पुस्तकातून कळेल. पण धाय मोकलून रडणाऱ्या आईशी कसं बोलावं, हे जाणत्याच्या हाताखालीच शिकता येतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांचे अंत्यविधीही याच व्यावसायिकांच्या हातून पार पडतात. म्हणून या अंकात त्या शिक्षणाचा सविस्तर आढावा घेतला आहे. जरूर वाचा.