सर्कशीच्या तंबूमागचा संसार

सर्कस पाहून आलेला माणूस घरी येऊन वाघ-सिंहांची नाही तर झुल्यावरच्या पोरीची गोष्ट सांगतो. कनातीमागे या मंडळींचा संसार चाललेला असतो, तो काही त्याला दिसत नाही. अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीचेच घ्या. मुक्काम आगगाडीच्या डब्यात असायचा, सारखे गाव बदलावे लागायचे, आणि आंघोळीला, धुण्याला मिळून माणशी दोन बादल्या पाणी मिळायचे. आपल्या दुष्काळी भागातल्या बायकांना यात नवल वाटायचे नाही! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या नाचणाऱ्या मुलींना नियम घालून दिले होते. रात्री अकराच्या आत डब्यात हजर राहायचे आणि कंपनीतल्या पुरुषांशी बोलायचे नाही. एकाच तंबूखाली दिवस काढणारी तरुण माणसे असला नियम कितपत पाळणार, ते वाचकांनीच ताडावे.

याच सर्कशीत लिलियन लाइट्झेल होती. उंची पाच फुटांच्या आतच. पण एका हाताने दोरीला लटकून ती सगळे अंग खांद्यावरून गरगरा उलटे फिरवी. एका दमात शंभर-शंभर फेरे, आणि लोक ओरडून मोजत. दर फेऱ्याला खांद्याचा सांधा निखळे आणि परत बसे. दोरीने मनगट सोलून निघे. मोटेचा नाडा ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे दुखणे सांगायला नको. खाली जाळेही नसे. स्वभावाने मोठी तिखट. मोलकरणीला दिवसातून कितीदा तरी कामावरून काढून टाकी आणि पुन्हा हाक मारी. पण सर्कशीतली पोरेबाळे शिकायला बसत ती तिच्याच तंबूत.

आल्फ्रेडो कोडोना मेक्सिकोचा. झुला सोडून हवेत तीन कोलांट्या घ्यायचा आणि पलीकडे लटकलेल्या भावाचे हात धरायचा. दोघांचीही आधीची लग्ने मोडलेली होती. १९२८ साली त्यांनी लग्न केले. दोघे हट्टी, तेव्हा भांडणांना तोटा नव्हता.

१३ फेब्रुवारी १९३१ रोजी लाइट्झेल कोपनहेगनला खेळ करीत होती. ज्यावर दोरी फिरे तो पितळी भाग घासून, तापून ठिसूळ झालेला. तो तुटला आणि ती खाली आली. आल्फ्रेडो बर्लिनला खेळ करीत होता, तो धावत आला. मी बरी आहे, तू आपला खेळ सांभाळ, असे सांगून तिने त्याला परत पाठवले. तो गेलाही. १५ तारखेला ती वारली.

कॅलिफोर्नियात त्याने तिचे स्मारक उभारले. पंख असलेला पुरुष आपल्या प्रियेला कवेत घेऊन उभा आहे. लोक ही प्रेमकथा इथपर्यंत सांगतात आणि डोळे पुसतात. पुढचे बहुतेक गाळतात, ते मला पटत नाही. १९३२ साली त्याने व्हेरा ब्रूस हिच्याशी लग्न केले. ती ऑस्ट्रेलियाची, घोड्यावरच्या कामात तरबेज, त्याच्याच ताफ्यात झुल्यावरही काम करणारी. १९३३ साली त्याचा खांदा दुखावला आणि झुला कायमचा सुटला. घरातले बिनसत गेले. १९३७ साली घटस्फोटाच्या बोलण्यासाठी वकिलाच्या कचेरीत जमले असता त्याने व्हेरावर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःवर. दोघेही वाचले नाहीत.

त्याला पुरले ते त्या पंखांच्या पुतळ्यापाशी, लाइट्झेलच्या रक्षेशेजारी.