'नाइस' नको, अनुमोदना करा

इथे मालेगावात आमच्या शेजारच्या काकूंनी पर्युषणात अठ्ठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेले पाणी. पारण्याचा फोटो ग्रुपवर आला आणि खाली ओळीने 'नाइस', 'नाइस'. त्यातला एक माझाच.

लेकीच्या शब्दकोशात पाहिले, तर या शब्दाचे लॅटिन मूळ 'नेस्कियुस', म्हणजे अजाण! इंग्रजीत तो आधी 'मूर्ख' या अर्थाने आला, पुढे 'चोखंदळ', 'नाजूक' झाला आणि 18व्या शतकात 'छान'. आता साडी नाइस, ढोकळा नाइस, तपही नाइस! करणे, करविणे, अनुमोदणे, या तिन्हींना आपण फळ मानतो. मग काकूंच्या तपाला साडीचाच शब्द का?

माझा 'नाइस' पुसला. 'खूब खूब अनुमोदना' लिहिले आणि संध्याकाळी सुखसाता विचारायला गेले.