पानांवरची नक्षी का पुसली जाते?

नर्सरीतून आणला तेव्हा मनीप्लँट किती सुरेख होता! हिरव्या पानांवर पिवळट-पांढरे शिंतोडे, जणू कुणी चिमूटभर रांगोळी उधळली आहे. बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर तुम्ही तो हौसेनं ठेवलात. आल्या-गेल्यानं कौतुकही केलं. पण सहा महिने गेले आणि नवी पानं निघाली ती साधी हिरवी, लहान आणि एकमेकींपासून लांब लांब. मग उपाय सुरू होतात. शेजारीण खत घालायला सांगते, नणंद चहाचा चोथा सुचवते. शेवटी ‘माझ्या हातची झाडंच जगत नाहीत’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, यात हाताचा काहीच दोष नाही. खताचाही नाही. चुकली असते ती कुंडीची जागा. आणि तीही वर्षभर चुकलेली नसते बरं का! जी जागा दिवाळीत उत्तम असते, तीच मे महिन्यात घातक ठरते.

याचं कारण सोपं आहे. पानातला हिरवा भाग म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. उजेड घेऊन तो अन्न तयार करतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, तेव्हा तो खातो, पण रांधत नाही. चौघांच्या घरात दोघांनीच कमवावं, तसा हा संसार. उजेड भरपूर असेल तर तो सुखाने चालतो. उजेड कमी पडला की झाड काटकसरीला लागतं आणि सगळी कमावती, म्हणजे हिरवी पानं काढतं. उलट ऊन फार झालं, तर आधी पांढरा भागच करपतो. म्हणून नक्षीदार पानांच्या झाडाला साध्या हिरव्या झाडापेक्षा उजेड जास्त हवा, पण भर दुपारचं ऊन नको.

मनीप्लँट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. तिथे तो मोठ्या झाडांच्या खोडावर चढतो आणि फांद्यांतून गाळून आलेला उजेड घेतो. आपल्याला घरी तसाच उजेड द्यायचा आहे. क्रोटनची गोष्ट थोडी वेगळी. त्याला सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तरच लाल-पिवळे रंग खुलतात. अंधाऱ्या जागी ते काळपट हिरवे होतात आणि खालची पानं गळतात.

उजेड मोजायचा कसा?

डोळ्यांवर विसंबू नये. खोलीच्या आत दोन-तीन हात सरकलं तरी उजेड झपाट्याने कमी होतो, पण आपली बाहुली मोठी होते आणि आपल्याला फरक कळत नाही. त्यापेक्षा दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीच्या कडा स्पष्ट, काळ्या आल्या तर तिथे ऊन प्रखर आहे. कडा पुसट पण बोटं ओळखू येतात, ती जागा मनीप्लँटला योग्य. सावली पडलीच नाही, तर तिथे झाड तगेल, रंगणार नाही. छताच्या दिव्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नये.

ऋतूप्रमाणे जागा

होळी ते मृग : पाडव्याच्या आधीच पश्चिमेच्या खिडकीतली कुंडी दोन-तीन हात मागे घ्यावी. दुपारी दोननंतरचं ऊन सर्वांत वाईट. कुंडी हलवायला जागाच नसेल तर जुन्या मलमलीचा किंवा विटक्या पांढऱ्या साडीचा पडदा लावावा. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे आणि महिनाअखेरीस नागपूरकडे सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे वर छप्पर असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत ऊन जवळजवळ येतच नाही. तिथे कुंडी कठड्याशी आणता येते. उत्तरेच्या गॅलरीत मात्र या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं, त्याकडे लक्ष असावं.

पावसाळा : ढगांमुळे उजेड फार घटतो. नक्षी पुसली जाते ती बहुधा याच महिन्यांत. सगळ्या कुंड्या खिडकीशी किंवा गॅलरीच्या कडेला आणाव्या. पागोळ्या थेट कुंडीत पडू देऊ नयेत आणि बशीत साचलेलं पाणी रोज ओतून टाकावं.

दसरा-दिवाळी : इथे पुष्कळजणी फसतात. पावसाळ्यात वाढलेली पानं कोवळी असतात आणि ऑक्टोबरचं ऊन एकदम तापतं. दोन दिवसांत पानांवर तपकिरी डाग पडतात. आकाश स्वच्छ झालं की कुंडी लगेच हातभर आत घ्यावी.

थंडी : डिसेंबरात मुंबईत दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा असतो. पण सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत येतं. सकाळचं हे कोवळं ऊन मनीप्लँटलाही सोसतं. उत्तरेच्या खिडकीतल्या कुंड्या मात्र संक्रांतीपर्यंत पूर्वेला किंवा दक्षिणेला पाहुण्या पाठवाव्यात. संक्रांतीनंतर ऊन चढू लागलं की पुन्हा हळूहळू मागे.

एवढं सांभाळा

जागा एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत थोडी थोडी सरकवावी. दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवावी, म्हणजे वेल एकाच बाजूला झुकत नाही. उजेड कमी तिथे पाणीही कमी. बोट पेरभर मातीत खुपसून माती कोरडी लागली तरच घालावे.

एकदा हिरवं झालेलं पान पुन्हा नक्षीदार होत नाही. त्यामुळे जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नका, नव्या पानाची वाट पाहा. पूर्ण हिरवी फांदी असेल तर शेवटच्या नक्षीदार पानाच्या वर कापून टाकावी. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि रंगीत फांदीला मागे टाकते. नवं रोप करायचं तर कलमही नक्षीदार पानाच्या पेराचंच घ्यावे. पिवळ्या कडेच्या स्नेक प्लँटचं पान तोडून लावलं तर मात्र नवं रोप हिरवंच येतं. तिथे मुळांसकट फुटवा वेगळा करावा.

आणि एक काळजीची गोष्ट. मनीप्लँटचं पान चावलं तर तोंडाची आग होते, क्रोटनचा चीकही बाधतो. रांगती मुलं आणि मांजर घरात असेल तर या कुंड्या उंचावरच असाव्यात.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच चार खुणा करा : पाडवा, मृग, दसरा, संक्रांत. त्या त्या दिवशी कागद आणि हात घेऊन सावली बघायची आणि कुंडी सरकवायची. पाच मिनिटांचं काम, पैसा लागत नाही. नव्या पानावर पुन्हा शिंतोडे दिसले की समजा, झाडाचा संसार सुरळीत चालला आहे.