निजामशाहीच्या इमारतींना वाली कोण?

निजामशाहीची राजधानी असलेल्या अहिल्यानगरला आलेल्या पाहुण्याला फराहबाग दाखवताना आपल्याला ओशाळल्यासारखे होते. १५८३च्या सुमारास पुरा झालेला हा महाल एका तळ्याच्या मधोमध उभा होता. आज तळे कोरडे, गिलावा उखडलेला आणि हाताला येईल तेवढ्या भिंतीवर प्रेमवीरांची नावे. हे कोणाला माहीत नाही? दुरवस्था सर्वांना दिसते. तिला जबाबदार कोण, एवढेच बोलायचे राहिले आहे.

१. निजामशाहीच्या इमारती ही परक्यांची मालमत्ता नव्हे. भोसल्यांचे घराणे निजामशाहीच्या चाकरीत वाढले. १६३३ साली मुघलांनी दौलताबाद घेतल्यावर शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही घराण्यातले एक पोर गादीवर बसवले आणि १६३६पर्यंत त्या राज्याचा कारभार रेटला. बांधकामाचे वळणही तसेच आपल्यात मुरले आहे. रायगडावरचे जगदीश्वराचे मंदिर लांबून पाहा: घुमट आणि कोपऱ्यांवरचे मिनारासारखे खांब पाहून नवखा माणूस क्षणभर चकतो. स्वराज्याच्या राजधानीत ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी? दख्खनच्या या वास्तूंना परके म्हणणाऱ्याने शहाजीराजांचा इतिहास कोणत्या वहीत लिहायचा, ते आधी सांगावे.

२. या वास्तू म्हणजे नुसते महाल आणि कबरी नव्हेत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१०मध्ये खडकी (पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि काही वर्षांतच उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून शहरात आणले. ना पंप, ना वीज. सगळा भरवसा जमिनीच्या उतारावर. नळांत कोंडणारी हवा सुटावी म्हणून जागोजागी मनोरे उभारले होते. या नहरींवर शहराने पिढ्यान्पिढ्या पाणी प्यायले, आणि पाणचक्कीचा हौदही अशाच नळाने आलेल्या पाण्यावर भरत आला. मग आपण काय केले? रस्त्यासाठी, गटारासाठी, घराच्या पायासाठी खणताना नळ फोडले, मनोरे पाडले. तेच छत्रपती संभाजीनगर आज जायकवाडीचे पाणी पंपांनी उचलून आणते आणि तरीही कित्येक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. फुकट वाहणारे पाणी बुजवून टँकरची वाट पाहणे, याला विकास म्हणत नाहीत.

३. दुर्लक्षाइतकीच घातक असते ती अडाणी दुरुस्ती. जुने बांधकाम चुन्याचे आहे. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर पडू देतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि गिलाव्यासोबत विटेचा, दगडाचा पापुद्राही सुटू लागतो. दोन पावसाळे काम झकास दिसते, तोवर बिल निघालेले असते! चुना मुरवून, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालून मळणारे गवंडी आता हातावर मोजण्याइतके उरले, आणि निविदा मात्र सर्वांत कमी दराची मंजूर होते. कमी दराच्या सिमेंटने चारशे वर्षांची भिंत सांधणे हा सरकारी खर्चाने केलेला विध्वंस आहे.

४. कायदा आहे, पण त्याचे हात कुठवर पोचतात? १९५८च्या केंद्रीय कायद्यात २०१०मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच. यात शेजारी राहणाऱ्याची ओढाताण होते, हे मान्य करू या. वाढत्या कुटुंबाला एक खोली चढवायची तरी परवानगीचे हेलपाटे. त्याला सोबत घेतले नाही तर तो स्मारकाचा वैरी होणारच. आणि एवढे करून स्मारके तरी जागेवर आहेत का? २०१३मध्ये महालेखापरीक्षकांच्या पाहणीत देशातली ९२ संरक्षित स्मारके सापडलीच नाहीत. पुढे संस्कृती मंत्रालयानेही संसदेच्या समितीपुढे ३,६९३पैकी ५० गायब असल्याचे मान्य केले. संरक्षणाच्या यादीत नाव असणे म्हणजे संरक्षण नव्हे.

५. मागायलाच कोणी जात नाही, तर मिळणार कुठून? २०१४मध्ये दख्खनच्या सल्तनतींची स्मारके युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात गुलबर्गा, बीदर, विजापूर, हैदराबाद आहेत. निजामशाही नाही. कर्नाटक-तेलंगणाने आपला वारसा आपला म्हटला. महाराष्ट्राने म्हटला नाही.

६. शहरांची नावे बदलली. त्यावर कोणाचे काही मत असो, दगडांची डागडुजी त्या वादात बुडता कामा नये. खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीवरून रान पेटते. त्याच गावात मलिक अंबरही चिरविश्रांती घेतो आहे, त्याच्या कबरीची विचारपूस किती जण करतात? मतांची बेरीज जिथे होत नाही, तिथे पुढारी फिरकत नाहीत, म्हणून नागरिकांनीच फिरकले पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असू द्या. प्रत्येक महापालिकेने असंरक्षित वास्तूंची, नहरींसकट, यादी करून जाहीर करावी. खोदकामाची परवानगी देण्याआधी त्या यादीवर नजर टाकणे सक्तीचे व्हावे. चुन्याच्या कामाला वेगळा दर आणि वेगळी निविदा असावी, म्हणजे गवंड्याचा पोरगा हे काम शिकेल. निजामशाही स्मारकांचा प्रस्ताव राज्याने स्वतःहून तयार करावा. आणि अहिल्यानगरजवळच्या मेहेकरीच्या डोंगरावर, ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो त्या, निजामशाहीचा वजीर सलाबतखान याच्या कबरीवर सहलीला जाल तेव्हा खिळ्याने नाव कोरणाऱ्या पोराचा हात तिथेच धरा. महापालिकेच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या उमेदवाराला एकच विचारा: आपल्या प्रभागातली एक जुनी कमान, एक बारव, एक नळ तरी तुम्हाला माहीत आहे का? उत्तर आले नाही, तर मत देताना ते लक्षात ठेवा.