मडके चिन्हावर, बाटली मेजावर

दिवाळी आली की घरोघर खरेदीच्या याद्या होतात. कापड, रवा, बेसन, तेल, उटणे, पणत्या आणि पोरांसाठी काहीबाही. अशा वेळी घरातली कर्ती बाई दुकानात कशी वागते, ते पाहण्यासारखे असते. ती नुसता भाव विचारीत नाही. कापड चुरगाळून पाहते, भांडे वाजवून पाहते, तेलाचा वास घेते. आणि दुकानदार 'त्यापेक्षा हे स्वस्त आहे' म्हणाला, तर 'पण टिकेल किती दिवस?' एवढाच प्रश्न टाकून त्याला गप्प करते. हे शहाणपण तिला कोणत्याही महाविद्यालयाने शिकवलेले नाही. उसवलेले कापड आपल्यालाच शिवायचे आहे आणि फुटक्या बरणीतले तेल आपल्याच ओट्यावर सांडायचे आहे, हे तिला पक्के ठाऊक असते.

आता याच घरातला माणूस, किंवा हीच बाई, डबा घेऊन सरकारी कचेरीत जाते आणि खरेदीची टिपणी लिहावयास बसते. घरचे सारे शहाणपण तेव्हा खुंटीला टांगलेले असते! तीन दरपत्रके मागवायची, त्यांतले सर्वांत खालचे उचलायचे, साहेबांची सही घ्यायची, साठा नोंदवहीत नोंद करायची, संपले. वस्तू कशाची आहे, किती दिवस चालेल, वीज किती खाईल, मोडल्यावर तिचे काय होईल, यांतला एकही प्रश्न त्या टिपणीत येत नाही. जो प्रश्न घरी पाच रुपयांच्या वस्तूला विचारतात, तो कचेरीत पाच लाखांच्या खरेदीला विचारीत नाहीत, याला काटकसर म्हणावे की काय?

हा प्रश्न मी मुद्दाम बीड जिल्ह्यापुरता विचारतो. एक जिल्हाधिकारी कार्यालय, एक जिल्हा परिषद, अकरा तहसिली, तितक्याच पंचायत समित्या, हजाराच्या वर ग्रामपंचायती. शिवाय शाळा, दवाखाने, न्यायालये आणि पोलीस ठाणी. मोठ्या कारखान्यांची वाण असलेल्या या जिल्ह्यात सरकारएवढे मोठे आणि भरवशाचे गिऱ्हाईक दुसरे कोण आहे? आणि ज्या जिल्ह्याला पाण्याची टंचाई पाहुणी म्हणून नव्हे, तर घरची माणूस म्हणून ठाऊक आहे, त्या जिल्ह्यातल्या गिऱ्हाइकाने डोळे मिटून खरेदी करावी, हे परवडण्यासारखे आहे काय?

पाण्यापासूनच सुरुवात करू. बीड शहराचे नाव एके काळी ज्या कारागिरीसाठी घेतले जाई, तीत चामड्याच्या छागलांचा मान मोठा होता. छागल म्हणजे प्रवासात पाणी जवळ बाळगण्याची चामडी पिशवी. जुन्या गॅझेटिअरांनी बीडच्या छागलांची आवर्जून नोंद केली आहे. शहराजवळची खजाना विहीर तर निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. तिचे पाणी जमिनीखालच्या नहरांतून खेळवलेले. पाणी कसे साठवावे, कसे न्यावे आणि कसे जपावे, हे ज्या गावाला चारशे वर्षांपूर्वी समजत होते, त्या गावाला आज पाण्याच्या भांड्याविषयी उपदेश करावा लागू नये. परंतु आज कोणत्याही सरकारी बैठकीला जा. विषय 'टंचाई आराखडा' असला, तरी प्रत्येक मेजावर प्लॅस्टिकची एकेक बाटली उभी असते. दोन घोट घेतलेली, बूच उघडे टाकलेली. बैठक संपते, टंचाई तशीच राहते आणि बाटल्या उकिरड्यावर जातात.

यातली गंमत अशी, की पर्यावरणाला मानवणाऱ्या वस्तूंसाठी भारत सरकारने १९९१ मध्ये 'इकोमार्क' नावाची योजना काढली, तेव्हा तिचे बोधचिन्ह म्हणून काय निवडले? मातीचे मडके! निवड फार चांगली होती. मडके मातीतून येते, मातीत जाते, विजेवाचून पाणी गार करते आणि गावच्या कुंभाराचे पोट भरते. पुढे फारच थोड्या कारखानदारांनी ते चिन्ह घेतले. म्हणून २०२४ मध्ये सरकारला या योजनेचे नवे नियम करावे लागले. तीस वर्षांवर योजना का निजून राहिली? कारण उघड आहे. ज्या सरकारने चिन्ह काढले, त्याच सरकारच्या कचेऱ्यांनी खरेदी करताना ते चिन्ह मागितले नाही. घरधनीच जेवत नाही, त्या पंगतीला पाहुणे कशाला बसतील?

कोणी म्हणेल, 'बाटल्या बंद केल्या. आता आमच्याकडे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले आहे.' ठीक आहे. पण क्षार काढणारी ही यंत्रे जेवढे पाणी पिण्याजोगे करून देतात, पुष्कळदा त्याहून अधिक मोरीत सोडतात. ते पाणी फरशी पुसायला, झाडांना किंवा संडासाला वळवण्याची नळी बसवावी, एवढी अट मागणीपत्रात घालायला किती शाई लागते? ज्या जिल्ह्यात २०१८-१९ च्या दुष्काळात जनावरांसाठी शेकड्यांनी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्या जिल्ह्यातल्या कचेरीची मोरी दिवसभर वाहावी, यापरते लाजिरवाणे दुसरे काही नाही.

आता विजेचे पाहा. छताचा जुन्या धर्तीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या धर्तीचा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. बीडचा उन्हाळा ध्यानात घेऊन पंखा वर्षातून २०० दिवस, रोज आठ तास चालतो असे धरा. एका पंख्यामागे वर्षाला ७२ युनिटे वाचतात. युनिटला १० रुपये धरले, तर ७२० रुपये झाले. नवा पंखा दीड हजाराने महाग मिळाला, तरी तो फरक दोन वर्षांत साधारण फिटतो आणि पुढे आठ-दहा वर्षे पंखा फुकट वाचवीत राहतो. हा हिशेब शाळेतला मुलगाही करील. कचेरीत तो होत नाही, कारण पंखा ज्या लेखाशीर्षातून येतो, त्यातून विजेचे बिल जात नाही. पंखा घेणाऱ्याला स्वस्ताईचे श्रेय मिळते, बिल भरणाऱ्याला महागाईचे दूषण मिळते. आणि दोघांचे मेज एकाच खोलीत असते!

शिवाय ही वीज काही आकाशातून पडत नाही. याच जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. २०१५ मध्ये ते पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. वीज आणि पाणी ही दोन वेगळी बिले नव्हेत, हे परळीच्या माणसाला कोणी पुस्तकातून सांगावयास नको.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, हे मी जाणतो. पहिला आक्षेप लेखापरीक्षणाचा. 'सर्वांत कमी दर सोडून दुसरा घेतला, तर ऑडिटचा आक्षेप कोणाच्या अंगावर येईल?' ही भीती खोटी नाही. आयुष्यभर सचोटीने नोकरी केलेल्या माणसाचे निवृत्तिवेतन एका आक्षेपापायी अडकल्याची उदाहरणे कोणत्याही कचेरीत ऐकावयास मिळतात. म्हणून मी कारकुनाला शहीद व्हायला सांगत नाही. मी एवढेच म्हणतो, की कमी दर हा शेवटचा प्रश्न आहे, पहिला नव्हे. आधी वस्तू कशी हवी ते ठरते, मग ती कमीत कमी कितीला मिळते ते पाहायचे. 'पंखा' असे लिहिले, तर स्वस्तातला टाकाऊ पंखा येणारच. 'इतक्या वॅटच्या आतला, अमुक तारांकनाचा, इतक्या वर्षांच्या हमीचा पंखा' असे लिहा आणि मग खुशाल सर्वांत खालचा दर घ्या. नियम मोडत नाही, ऑडिट बोलत नाही. केंद्र सरकारने तर २०१७ च्या आपल्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ठरावीक विद्युत उपकरणे किमान ठरलेल्या तारांकनाचीच घ्यावीत, असे लिहूनच ठेवले आहे. तेव्हा दोष नियमाचा कमी आणि मागच्या वर्षीच्या टिपणीवर नुसती तारीख बदलण्याच्या सवयीचा अधिक आहे.

दुसरा आक्षेप असा, की 'आमच्या दहा पंख्यांनी आणि चार रीम कागदांनी जगाचे काय होणार?' याला उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. एल.ई.डी.चा दिवा सरकारी कंपनीने घाऊक खरेदी करावयास घेतला, तेव्हा २०१४ मध्ये तिला तो तीनशे रुपयांच्या वर पडत होता. २०१६ मध्ये तोच चाळिसाच्या आत आला. आज गरिबाच्या घरी जो दिवा जळतो, तो सरकार नावाच्या मोठ्या गिऱ्हाइकाने स्वस्त केलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९९३ मध्ये हुकूम काढला, की सरकारी छपाईच्या आणि लेखनाच्या कागदात किमान २० टक्के वाटा वापरलेल्या कागदाच्या लगद्याचा असावा. जपानने तर २००० मध्ये सरकारी खरेदीसाठी स्वतंत्र कायदाच केला. मोठे गिऱ्हाईक मागू लागले की बाजार वाकतो. एका कचेरीने नाही वाकणार. अकरा तालुक्यांनी एकाच शब्दांत मागणी लिहिली, तर वाकेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. 'बीड गरीब जिल्हा. येथे आधी लोकांच्या हाताला काम द्या, मग पर्यावरण बोला.' अगदी मान्य! म्हणूनच मी बोलतो आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. जेव्हा तुमच्या घरी चकलीचा घाणा तळला जातो, तेव्हा कित्येकांचे बिऱ्हाड ट्रॅक्टरवर असते. सरकारी कचेरीच्या खरेदीने ते सारे थांबेल, असा भाबडा दावा मी करीत नाही. पण कापडी पिशव्या, फायलींची वेष्टने, मडकी, रांजण, झाडू, टोपल्या, सतरंज्या यांचे पैसे दूरच्या कारखान्याला पोचण्याऐवजी गावच्या कुंभाराला, बुरुडाला आणि बचत गटातल्या बायांना पोचले, तर काही उंबरे तरी ओस पडायचे राहतील. पाहुण्या अधिकाऱ्याला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ देण्यापेक्षा, हंगामात बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळे परडीत घालून द्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा मान निदान बीडच्या कचेरीने तरी राखावा.

आपल्या मुलखाला हा विचार नवा नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे कपडे घालून गेले, तेव्हा त्यांनी जगाला हेच सांगितले की खरेदी हेही एक मत आहे. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आजही राष्ट्रध्वज तयार होतात. सरकारने हाताच्या सुताचीच घ्यावी अशी ही एक वस्तू उरली होती. २०२१ च्या अखेरीस ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या पॉलिएस्टरलाही मुभा मिळाली. झेंडा प्रत्येक घरी पोचावा, हा हेतू चांगलाच. पण मुभा म्हणजे सक्ती नव्हे. निदान सरकारी इमारतीवरचा झेंडा खादीचाच असावा, हे ठरवायला कोणाची बंदी आहे?

एक सावधगिरी मात्र हवी. हिरवे पान छापले म्हणून वस्तू हिरवी होत नाही. चालू स्थितीतली लाकडी खुर्ची निर्लेखित करून 'पर्यावरणपूरक' खुर्ची आणणे हा उद्योग नव्या नावाचा जुनाच उधळेपणा आहे. पर्यावरण दिनाला प्लॅस्टिकचा भलामोठा फलक लावून वृक्षारोपणाचा फोटो काढणे, हे तर विनोदाच्याही पलीकडले. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदा वापरून फेकायच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. तिची अंमलबजावणी भाजीवालीच्या टोपलीपासून सुरू करणाऱ्यांनी ती आपल्या मेजापासून का सुरू करू नये? दंड भरणाऱ्याला मिळते ती शिस्त दंड घेणाऱ्याला नको काय? सर्वांत चांगली खरेदी ती, जी करावीच लागली नाही. आधी दुरुस्ती, मग दोन्ही बाजूंनी कागद, आणि त्यानंतर बाजार.

माझी मागणी लहान आहे. जिल्हा परिषदेने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी नेहमी लागणाऱ्या पंचवीस वस्तूंची यादी करावी. प्रत्येकीपुढे ती कशाची असावी, किती टिकावी, किती वीज घ्यावी आणि जिल्ह्यात कोठे मिळते, हे लिहावे. आणि ती यादी प्रत्येक कचेरीच्या फलकावर लावावी, म्हणजे नाझराला भीती नको आणि लोकांना शंका नको. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी सरकारी नोकर असेल, तर या दिवाळीत फराळाला बसल्यावर त्याला एवढेच विचारा, की तुमच्या कचेरीत पाणी कशातून पितात? मार्चअखेर अजून काही महिने दूर आहे. उरलेला निधी संपवण्याची घाई तेव्हा सुरू होईल, आणि घाईत कोणी विचार करीत नाही. जो करावयाचा, तो आताच करावा.