जिजाऊंचा जिल्हा आणि मानधनावरची आई

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे माणसांचा महासागर लोटतो. राजवाड्यासमोर माथा टेकविला जातो, व्यासपीठावरून मातृत्वाचे गोडवे गायिले जातात आणि संध्याकाळी गाड्या परतीला लागतात. २०२४ सालच्या १२ जानेवारीलाही हे सर्व यथासांग पार पडले. नेमक्या त्याच दिवशी राज्यातील आशा आणि गटप्रवर्तक भगिनी पुन्हा बेमुदत संपावर गेल्या होत्या, कारण आधीच्या संपात दिलेल्या आश्वासनाचा शासन निर्णय निघालाच नव्हता. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस तर ४ डिसेंबर २०२३ पासूनच रस्त्यावर होत्या. म्हणजे जिजाऊंच्या जन्मदिनी महाराष्ट्रातील लाखो कष्टकरी आया आपल्या पोटासाठी सरकारच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यात बुलडाणा जिल्ह्यातील आयाही होत्या. एकीकडे आईचा जयजयकार आणि दुसरीकडे आईची उपासमार, हा निव्वळ योगायोग समजायचा काय?

नोकरी करणाऱ्या आईची ओढाताण हा अलीकडे वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांचा आवडता विषय झाला आहे. पुण्या-मुंबईतली संगणक कंपनीतली बाई, तिचा लॅपटॉप, तिचे पाळणाघर, तिची अपराधी भावना. तिचे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मोताळा, लोणार, संग्रामपूर तालुक्यातली आई या पुरवण्यांत कधीच दिसत नाही. ती सकाळी पाण्याच्या खेपा घालते, भाकरी थापते, स्वतःच्या लेकराला सासूच्या किंवा शेजारणीच्या हवाली करते आणि गावातल्या इतरांची लेकरे सांभाळायला अंगणवाडीत जाते. तिथे वजने घ्यायची, आहार वाटायचा, गरोदर बायांची नोंद करायची, गृहभेटी द्यायच्या. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला, तेव्हापासून रेंज शोधत मोबाईलवर माहिती भरायची. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली तेव्हा गावोगाव अर्ज भरून घेण्याचे कामही याच बहिणींच्या गळ्यात पडले. एका अर्जामागे ५० रुपये देऊ, असे सांगण्यात आले.

आशाताईंचे काम तर घड्याळाला बांधलेलेच नाही. बाळंतपण काही कार्यालयीन वेळ पाहून येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून रात्री-अपरात्री पेशंटसोबत खामगावला किंवा बुलडाण्याला जायचे, तेव्हा घरी तिचे स्वतःचे तापाने फणफणलेले मूल असू शकते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव झाला, पण मोबदला कामावर आधारितच राहिला. ती घरी थांबली की तो बुडतो. त्याच आरोग्य केंद्रातल्या कायम नर्सला २०१८ च्या शासन निर्णयानुसार मुलासाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मिळालीच पाहिजे. मात्र तिच्या शेजारी उभ्या असलेल्या आशाचे मूल हे मूल नव्हे काय?

या सगळ्याचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'मानधन'. वेतन म्हटले की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन हे सारे मागोमाग येते. मानधन म्हटले की बाई 'सेविका' होते, आणि सेवेचा मोबदला मागणे असभ्य ठरते! २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेव्हापासून पन्नास वर्षे शासनाने बाईच्या आईपणाचे स्वस्तात भांडवल केले. तिला मुले सांभाळणे जन्मजातच येते, मग त्याचे पैसे कशाला, हा त्यामागचा हिशोब. शूद्रांनी सेवा करावी आणि फळाची अपेक्षा धरू नये, हा जुनाच दंडक सरकारी भाषेत आला आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचारी शासकीय पदावर नाहीत असे ठरविले. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने या बायांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या अशी शिफारस केली. ती फायलीत पडून राहिली. अखेर २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि हे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही असे स्पष्ट केले. तरीही २०२३ च्या संपाच्या वेळी सेविकेच्या हाती महिना १० हजार आणि मदतनीस बाईच्या हाती साडेपाच हजार रुपये पडत होते. पुढे २०२४ मध्ये रक्कम वाढली, पण ती पन्नासहून अधिक दिवस थंडीत बसून. आणि शब्द तोच राहिला.

बाबासाहेबांनी हा प्रश्न दयेचा ठेवलाच नव्हता. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली. मालकाला स्त्रियांच्या श्रमातून फायदा होतो, तेव्हा त्यानेही वाटा उचललाच पाहिजे, हेही त्यांनी बजावले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, तेव्हा खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा कायदा त्यांनी सुधारला. आज शासन स्वतःच मालक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील आईला २६ आठवडे रजा मिळाली, ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन सोंगणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिचे पाळणाघर म्हणजे बांधावरच्या झाडाला बांधलेली झोळी. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ती गावोगाव हवी, आणि सुगीच्या दिवसांत अंधार पडेपर्यंत हवी. अर्थात त्यासाठी वेगळी बाई, वेगळा पगार हवा. सेविकेच्याच डोक्यावर आणखी एक काम नको.

जिजाऊंना तरी आपण काय केले? गोष्टी सांगणारी माता! भटी इतिहासकारांनी त्यांच्या हाती फक्त पोथी दिली. वास्तविक शहाजीराजे कर्नाटकात असताना पुण्याच्या जहागिरीचा कारभार ज्यांच्या देखरेखीखाली चालला, १६६६ साली आग्र्याला निघताना शिवरायांनी राज्य ज्यांच्या भरवशावर सोडले, त्या जिजाऊ कर्तबगार प्रशासक होत्या. आईपण आणि कारभार त्यांनी एकाच वेळी निभावला. परंतु कारभार पुसला आणि आईपण तेवढे ठेवले.

हे दुसऱ्यांना सुनावणे सोपे आहे. आपल्याही घरात डोकवावे लागेल. रमाईने गोवऱ्या थापून संसार चालविला, चार लेकरे गमावली. त्या काळात तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज आमचा कार्यकर्ता रमाईच्या त्यागावर तासभर बोलतो आणि घरी येऊन नोकरीवरून दमून आलेल्या बायकोला ताट वाढायला सांगतो. त्यागाचा आदर्श फक्त तिच्यासाठीच का? शाखेची सभा रात्री आठला ठेवायची आणि मग महिला येत नाहीत अशी तक्रार करायची, हा प्रकार चिखली, मेहकर, मलकापूर कुठेही पाहायला मिळेल. आठ वाजता ती चुलीपाशी असते, हे सभा ठेवणाऱ्याला ठाऊक नसते असे नाही. येत्या महिन्याची सभा रविवारी दुपारी ठेवावी, विहाराच्या दुसऱ्या खोलीत लेकरे सांभाळायला दोन पुरुष कार्यकर्ते बसवावेत, आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय आपल्या गावातल्या सेविका, मदतनीस आणि आशांच्या वेतनाचा घ्यावा.